भिडस्तांची बाजू

परदेशातून आलेला विद्यार्थी येथे रुळला तर तो मूळचाच मनमिळाऊ होता म्हणावे, आणि न रुळला तर त्याचा पिंडच एकलकोंडा म्हणून हात झटकावेत, ही आपल्या शिक्षणसंस्थांची जुनी रीत मला साफ नामंजूर आहे. स्वभावाचा भाग असतोच. पोह्यांत साखर कशाला, असे खानावळवाल्याला हसत विचारू शकणाऱ्या मुलाला पुण्यासारखे चिकित्सक शहरही लवकर आपलेसे करते. परंतु चिंताक्रांत प्रकृतीचा तरुण, १४ दिवसांच्या मुदतीत करावयाची पोलीस दफ्तरातील नोंदणी, घरमालकाचा भाडेकरार, महाविद्यालयाचा दाखला, अशा प्रत्येक पायरीवर मनाने खचत जातो आणि बहुधा कोणाजवळ त्याचा उच्चारही करीत नाही.

फर्ग्युसन महाविद्यालयाच्या वसतिगृहाचे रेक्टर असताना, वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक डॉ. शां. ब. मुजुमदार यांना एक मुलगी मुलांच्या खोलीच्या खिडकीतून आत काही देताना दिसली. वरकरणी शिस्तभंगाच्या वाटणाऱ्या या प्रकाराची त्यांनी चौकशी केली, तेव्हा आत मॉरिशसचा एक विद्यार्थी काविळीने अंथरुणाला खिळलेला आढळला. त्याला भोजनगृहात येण्यास मनाई होती, म्हणून ती त्याला जेवण आणून देत होती. या अनुभवातूनच पुढे १९७१ साली ‘सिंबायोसिस’ ही संस्था उभी राहिली, हे पुणेकरांना ठाऊक आहे. मला मात्र त्या खिडकीपाशीच थोडे थांबावेसे वाटते. संसर्गाच्या भयाने केलेली मनाई एक वेळ समजू शकते. पण ताट पोचविण्याचे काम येऊन पडले ते एका सहृदय मुलीवर, आणि अशी मैत्रीण भिडस्ताच्या वाट्याला येईलच, याचा भरवसा कोणी द्यावा?

२०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने परदेशी विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र कार्यालयाची तजवीज सांगितली आहे, आणि २०२२ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने त्यांच्यासाठी २५ टक्क्यांपर्यंत अतिरिक्त जागांची मुभाही दिली. जागा वाढविणे सोपे. कार्यालयाचे दार मात्र, ते कितीही उघडे ठेवले तरी, धीट मुलगाच ठोठावतो. ज्याला आधाराची निकड अधिक, तो व्हरांड्यातूनच माघारी फिरतो. तेव्हा परदेशी विद्यार्थ्यांकडून अधिक शुल्क घेणाऱ्या विद्यापीठांनी, पहिल्या सत्रात प्रत्येकाच्या खोलीवर जाऊन जेवणाखाण्याची, प्रकृतीची आणि कागदपत्रांची विचारपूस करणारा माणूस पगार देऊन नेमावा, आणि त्या पदाला येत्या अंदाजपत्रकातच मंजुरी द्यावी.