गुपित कोणाचे, संरक्षण कोणाला?

व्हाइटफील्डच्या तंत्रज्ञान-उद्यानांत नोकरीवर रुजू होणाऱ्या अभियंत्याकडून कंपन्या गोपनीयतेच्या करारावर सही घेतात. मालकाची लबाडी त्याच्या दृष्टीस पडली, तर त्याने जावे कोठे? वृत्तपत्राने दखल घेतली नाही, तर संकेतस्थळावर लिहिणारा एखादा ब्लॉगलेखकच उरतो. आणि तो ‘पत्रकार’ नव्हेच, असे म्हणायला मालकवर्ग मोकळा!

मुंबईत 2015 साली अशाच एका पत्राची कसोटी लागली. राष्ट्रीय शेअर बाजारात काही दलालांना भावांची माहिती इतरांआधी मिळते, असा आरोप करणारे निनावी पत्र ‘मनीलाइफ’च्या संकेतस्थळाने प्रसिद्ध केले. बाजाराने सुचेता दलाल व देबाशिस बसू यांच्यावर 100 कोटींचा दावा ठोकला. उच्च न्यायालयाने अंतरिम मनाई तर नाकारलीच, उलट बाजारालाच 50 लाखांचा भुर्दंड ठोठावला. प्रतिवादी नामांकित पत्रकार होते. एखाद्या अनामिक ब्लॉगलेखकाची काय गत झाली असती?

1978 चा प्रेस कौन्सिल कायदा बातमीचा उगम गुप्त राखू देतो, पण केवळ कौन्सिलपुढे. न्यायालयातही तशी मुभा असावी, ही विधी आयोगाची 1983 ची शिफारस 2023 च्या साक्ष्य अधिनियमातही उतरली नाही. भांडवलशाहीच्या बालेकिल्ल्यात, कॅलिफोर्नियात, मात्र 2006 साली अपील न्यायालयाने ‘अ‍ॅपल’ची गुपिते फोडणाऱ्या संकेतस्थळांना पत्रकारांचेच संरक्षण दिले.

प्रतिस्पर्ध्याला विकलेले तंत्र आणि जनतेपुढे मांडलेली लबाडी यांत भेद केलाच पाहिजे. पण तो मजकूर पाहून, लेखकाचे ओळखपत्र पाहून नव्हे. आणि माहिती देणाऱ्या अभियंत्याचे काय? 2014 चा जागल्यांच्या संरक्षणाचा कायदा खाजगी कंपन्यांच्या गैरव्यवहाराला हातच लावीत नाही.