जागा मोकळी करा, पण दाखले सांभाळा



14 ऑक्टोबर 2025 रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज 10 चा नेहमीचा पाठिंबा थांबवला. आमच्या कासा भागातही ज्यांच्या घरी जुना लॅपटॉप आहे, त्यांच्यापुढे विंडोज 11 घेण्याचा प्रश्न आला. ज्यांनी ती घेतली, त्यांची तक्रार आमच्याकडे येते: "डिस्क एकदम भरली. मुलांच्या फाइली पुसू का?"

आमचे सांगणे आहे, घाई करू नका. नवी विंडोज बसवताना संगणक जुनी लगेच टाकून देत नाही. नवे घर बांधले तरी जुनी कौले काही दिवस अंगणात रचून ठेवतात, तशी ती 'विंडोज डॉट ओल्ड' या फोल्डरमध्ये राहते. नवी जमली नाही तर 10 दिवसांच्या आत मागे फिरता यावे, हा हेतू. हे फोल्डर कित्येक जीबी जागा अडवते. 128 जीबीच्या डिस्कला ते जड जाते. मुदत संपल्यावर विंडोज सहसा ते स्वतःच काढून टाकते.

तोवर थांबणे शक्य नसेल, तर आधी तपासा. प्रिंटर चालतो का? जुनी मराठी पत्रे नीट उघडतात का? फाइली जागेवर आहेत का? दुकानात डिस्क न पुसता नव्याने विंडोज टाकली असेल, तर जुन्या फाइली त्याच फोल्डरमधल्या 'युजर्स'मध्ये सापडतात. त्या आधी काढून घ्या.

मग सेटिंग्ज, सिस्टिम, स्टोरेज, टेम्पररी फाइल्स असे जा. 'प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन्स'वर खूण करा आणि 'रिमूव्ह फाइल्स' दाबा. त्यानंतर मागे फिरता येत नाही.

याच यादीत 'डाउनलोड्स' हे नाव असते. त्यावर मात्र खूण करू नका. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, गुणपत्रिका, महाडीबीटीच्या शिष्यवृत्ती अर्जाची प्रत, आपल्या घरांत हे सारे बहुधा तिथेच पडलेले असते. एक दाखला पुन्हा काढायचा म्हणजे कचेरीच्या फेऱ्या आणि बुडालेली रोजंदारी. शिवाय अर्जाची तारीख कोणासाठी थांबत नाही.

म्हणून काही पुसण्यापूर्वी सर्व दाखले एका पेनड्राइव्हवर उतरवा, उघडून पाहा आणि तो मूळ कागदांच्या पिशवीत ठेवा. जुनी विंडोज गेल्याने कोणाचे अडत नाही. दाखला गेला, तर मुलीचा प्रवेश अडतो.