मदतीचा पैसा ग्रामसभेच्या कोषात टाका



करोनात सरकारनं मदत केली नाही असं कुणी म्हणत नाही. केली. पण कुणाच्या हातून केली ते बघा.

27 मार्च 2020 ला दिल्लीत पीएम केअर्स नावाचा धर्मादाय ट्रस्ट काढला. अध्यक्ष पंतप्रधान. 5 दिवसांत 3,076 कोटी जमले. कंपनीनं तिथं दिलं तर ते सीएसआरमध्ये धरायचं, मुख्यमंत्री निधीला दिलं तर धरायचं नाही. माहिती अधिकारात कागद मागितले तर उत्तर काय, हे सार्वजनिक प्राधिकरणच नाही! आणि आपल्या ग्रामसभेनं बांबूची एक गाडी भरली की गार्ड पावती मागत उभा.

ज्या छोट्या संस्था पाड्यापाड्यांत शिधा पोचवत होत्या त्यांना काय दिलं? एप्रिलात सांगितलं, सरकारी गोदामातून धान्य विकत घ्या. गहू 21 रुपये किलोनं. गोदामं भरलेली, पोटं रिकामी, आणि वाटणाऱ्यानंच पैसे मोजायचे. वर सप्टेंबरात परदेशी देणगीचा कायदा बदलला. आता मोठ्या संस्थेनं त्यातला रुपयाही छोटीला द्यायचा नाही.

राज्याची खावटी घ्या. जीआर 9 सप्टेंबर 2020 चा. कुटुंबाला 4,000, त्यातले 2,000 खात्यात आणि 2,000 चा किराणा. भूक लागली मार्चात, मटकी-चवळी आली दुसऱ्या वर्षी. काय घ्यायचं, कुठून घ्यायचं, सगळं वर ठरलं. आपण फक्त अंगठा द्यायचा. यादीत वनहक्क पट्टेवाल्यांना जागा होती, ते बरोबरच. पण ज्याचा दावा प्रांताकडे वर्षानुवर्षं पडून आहे त्यानं पट्टा कुठून आणायचा? तो रोजगार हमीवरही गेला नसेल तर प्रकल्प अधिकाऱ्याची मर्जी. म्हणजे जमीन तर अडवलीच, तेल-मीठही अडवलं.

संस्थांना द्या एवढंच आपलं म्हणणं नाही. चांगल्या संस्था आहेत, पण त्या आज आहेत, उद्या नाहीत. गाव तिथंच राहतं. कुणाची चूल पेटली नाही हे शेजारणीला कळतं, मंत्रालयाला नाही. 2014 च्या पेसा नियमांत ग्रामसभा कोष लिहिलेला आहे. आदिवासी उपयोजनेचा 5 टक्के निधी पेसा गावांसाठी थेट येतोच. वाट आहे, मग संकटाचा पैसा त्याच वाटेनं का नाही?

येत्या ग्रामसभेत ठराव घ्या: आपत्तीची मदत रोख, थेट कोषात; यादी गाव करील, हिशोब गावात वाचला जाईल. दावा प्रलंबित असलेल्यांची नावं ठरावातच लिहा. बायांच्या सह्या आधी घ्या. नक्कल प्रकल्प कार्यालयात द्या आणि पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नका.