व्हेंचर कॅपिटल सिलिकॉन व्हॅलीत जन्मले, ही दंतकथा

१/ नवख्या धंद्याला कर्ज नव्हे, तर हिश्श्याच्या बदल्यात भांडवल देण्याची प्रथा कॅलिफोर्नियाच्या गॅरेजांतून निघाली, असे सर्रास सांगितले जाते. ते खोटे आहे.

२/ स्थळ बॉस्टन, साल १९४६. न्यू इंग्लंडच्या कापडगिरण्या ओस पडत होत्या. विमा कंपन्यांकडे पैसा होता. तो रोख्यांत सुरक्षित निजला होता. बॉस्टन फेडरल रिझर्व्ह बँकेचे राल्फ फ्लँडर्स, एमआयटीचे कार्ल कॉम्प्टन आणि हार्वर्डचे प्राध्यापक जॉर्ज डोरिओ यांनी तो जागा करण्यासाठी 'अमेरिकन रिसर्च अँड डेव्हलपमेंट' स्थापन केली. आपला प्रदेश पुन्हा उभा राहावा, हा हेतू त्यामागे उघड होता.

३/ १९५७ मध्ये तिने एमआयटीच्या प्रयोगशाळेतील दोन तरुण अभियंत्यांना ७०,००० डॉलर देऊन ७० टक्के हिस्सा घेतला. त्यांची 'डिजिटल इक्विपमेंट' सुरू झाली ती मेनार्ड गावातील बंद पडलेल्या लोकरगिरणीत! पुढे तेथूनच संगणक जगभर गेले.

४/ 'बाजार आपोआप वाट काढतो' म्हणणाऱ्यांनी त्या गिरणीकडे पाहावे. तेथे वाट काढली ती स्वतःच्या प्रदेशाची काळजी वाहणाऱ्या माणसांनी.

५/ १९७२ मध्ये ही संस्था टेक्स्ट्रॉनमध्ये विलीन झाली. सिलिकॉन व्हॅलीची ख्यातनाम 'क्लायनर पर्किन्स' त्याच वर्षी सुरू झाली.