म्हातारा पाऊस आणि दारातली मोटार

पुनर्वसूचा तरणा पाऊस गाजावाजा करीत येतो आणि निघून जातो. पुष्याचा म्हातारा पाऊस मात्र चिकाटीचा. एकदा बैठक मारली की उठण्याचे नाव घेत नाही. आपल्या भागाने अलीकडे पाहिलेले मोठे पूर या म्हाताऱ्याच्या आणि त्याच्यामागून येणाऱ्या आश्लेषाच्या दिवसांतलेच. ऑगस्ट २०१९ मध्ये व पुन्हा जुलै २०२१ मध्ये वेदगंगेचे पाणी निपाणीजवळ यमगर्णी येथे पुणे-बेंगळुरू महामार्गावर आले आणि वाहतूक ठप्प झाली. घरेदारे व उभी पिके यांची जी हानी त्या वेळी झाली तिच्यापुढे मोटारीचे दुःख ते केवढे, असे कोणी म्हणेल. आणि ते खरेही आहे. तथापि मोटार ही आता केवळ चैनीची वस्तू राहिलेली नाही. कोणा शिक्षकाची निवृत्तीची पुंजी, कोणा तंबाखू-उत्पादकाच्या दोन हंगामांची कमाई तिच्यात गुंतलेली असते. म्हणून या खेपेस हा रोकडा विषय वाचकांपुढे ठेवीत आहे.

प्रथम जिवाची गोष्ट. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्या दिवशी काही माणसे रस्त्यातल्या बंद मोटारींतच गुदमरून गेली. विजेवर चालणाऱ्या काचा व कुलुपे पाणी शिरल्यावर ऐन वेळी दगा देऊ शकतात, आणि बाहेरच्या पाण्याचा दाब दार उघडू देत नाही. यास्तव गाडी पाण्यात अडकताच काचा खाली करून बाहेर पडावे. सामानाकडे पाहू नये. काच फोडण्याची लहान हातोडी हाताशी ठेवावी आणि तिने बाजूचीच काच फोडावी. समोरची काच दोन थरांमध्ये चिकट पडदा घालून केलेली असते, ती सहसा फुटून मोकळी होत नाही. आणि वाहत्या पाण्यातून गाडी घालण्याचे धाडस मुळातच करू नये, हा सर्वांत स्वस्त उपाय.

पूर ओसरला, गाडी जागेवर उभी आहे. अशा वेळी मालकाचा हात आपसूक किल्लीकडे जातो. तो आवरला पाहिजे. इंजिनाच्या नळकांड्यात हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. आत पाणी असताना इंजिन फिरविले तर दट्ट्याला जोडलेला दांडा वाकतो आणि दुरुस्तीचा खर्च कित्येक पटींनी वाढतो. पाणी चाकांच्या वर चढले असेल तर गाडी ओढूनच कारागिराकडे न्यावी. तेल तपासण्याची पट्टी काढून पाहिली असता तेल दुधाळ दिसले, तर आत पाणी गेले असे निश्चित समजावे.

दुसरे काम बॅटरी सोडविण्याचे. प्रथम ऋण टोक, मग धन. याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. नुसते पाणी तांब्याच्या तारेचे एका दिवसात फारसे वाकडे करीत नाही. पण ओलाव्यातून वीज वाहत राहिली की धातू झिजू लागतो आणि जोडांवर हिरवट-पांढरी पूड साचते. पुराच्या पाण्यातील गाळ व क्षार हे काम अधिक वेगाने करतात. आजच्या मोटारीत इंजिन, गतिरोधक, हवेच्या संरक्षक पिशव्या, काचा या साऱ्यांचा कारभार लहान लहान संगणकी पेट्या पाहतात, आणि त्यांपैकी काही आसनाखाली किंवा पायाशी बसविलेल्या असतात. म्हणजे पाणी प्रथम पोचते तेथेच! या पेट्या व त्यांचे जोड सोडवून, स्वच्छ करून, पूर्ण सुकवूनच पुन्हा वीज जोडावी. संरक्षक पिशव्यांच्या तारांना, त्या बहुधा पिवळ्या असतात, घरी हात लावू नये. विजेवर चालणाऱ्या गाडीच्या नारिंगी तारांना तर कदापि नाही.

गालिचा वरून कोरडा लागतो, यावर विश्वास ठेवू नये. त्याच्याखालचा जाड थर पाणी धरून ठेवतो. निपाणीकरांना हे सांगायला नको. वखारीतला तंबाखू वरून ठीक दिसतो आणि ओल धरून आतून बुरसटतो. आसने काढून गालिचा उचलावा, खालचा थर बाहेर काढून वाळवावा. आपल्याकडे त्या दिवसांत ऊन दुर्मिळ. तेव्हा पंख्याचा वारा घालावा. विजेची यंत्रणा निर्दोष ठरल्यावर गाडीतील वातानुकूलन चालवावे, ते हवेतला ओलावा ओढून बाहेर टाकते. वासावर खाण्याचा सोडा चालतो, पण ओल राहिली तर वास पुन्हा येणारच.

पूर न येताही गाडी आतून भिजते. समोरच्या काचेखालच्या खाचेत पाने साचतात, दाराच्या तळाची भोके चिखलाने बुजतात, वातानुकूलनाची निचरा-नळी तुंबते, छताच्या खिडकीच्या नळ्या भरतात. आणि पाणी मुकाट्याने पायाशी उतरते. झाडाखाली गाडी लावणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे.

आता विम्याविषयी. केवळ तृतीय पक्षाचा विमा असेल तर स्वतःच्या गाडीचे पुराने झालेले नुकसान त्यात येत नाही. त्यासाठी सर्वसमावेशक विमा लागतो. त्यातही, पाण्यात इंजिन सुरू केल्याने झालेली मोडतोड बहुधा नाकारली जाते. इंजिनाचे जादा संरक्षण निराळे घ्यावे लागते. गाडी हलविण्यापूर्वी पाण्याच्या खुणेसह छायाचित्रे काढावीत आणि कंपनीला त्वरित कळवावे.

शेवटी एक इशारा. आमच्या एका निवृत्त सहकाऱ्यांनी पुरानंतरच्या हिवाळ्यात एक चकचकीत जुनी गाडी स्वस्तात घेतली. उन्हाळाभर ती उत्तम चालली. पुढच्या पावसाळ्यात मात्र इशाऱ्याचे दिवे एकेक करून पेटू लागले. कारागिराने गालिचा उचलला तेव्हा खाली नदीचा मऊ गाळ निघाला. विकणाऱ्याने हात वर केले. सहकारी बिचारे एवढेच म्हणाले, “वर्गात पोरांची लबाडी डोळ्यांवरून ओळखली, इथे मात्र रंग पाहून भुललो.” जुनी गाडी घेताना आसनाचा पट्टा शेवटपर्यंत ओढून पाहावा, गाळाचा डाग तेथे लपत नाही. आसनाखालच्या स्क्रूंवर गंज आहे काय, जादा चाकाच्या खळग्यात चिखल आहे काय, काचा बंद करून बसल्यावर कुबट वास येतो काय, हे तपासावे. अत्तराचा वास फार येत असेल तर संशय दुप्पट करावा.

आणि वाचकांपैकी कोणाला अशी भिजलेली गाडी विकण्याची वेळ आलीच, तर घेणाऱ्यास तसे स्पष्ट सांगावे. चार पैसे कमी मिळतील. पण त्या गाडीचे गतिरोधक ऐन वेळी लागले नाहीत, तर त्यात कोणाची तरी लेकरे बसलेली असतील. निचऱ्याची भोके आणि दारांचे रबर मात्र रोहिणी सरण्यापूर्वीच साफ करून घ्यावे. मृग लागल्यावर कारागिराला सवड नसते.