काळीच्या रानात घर घेताना

बारामती आणि इंदापूर तालुक्यांत सध्या उसाच्या बरोबरीने घरांचे पीक जोरात आहे. रुई, जळोची, तांदूळवाडी ही कालपर्यंतची गावे बारामती नगरपरिषदेच्या हद्दीत गेली आणि तिथल्या रानात रो-हाऊस व बंगले उभे राहिले. पालखी मार्गाच्या कडेने थेट इंदापूरपर्यंत प्लॉटिंगचे फलक दिसतात. घर घेणारा कोण, तर एमआयडीसीतला कामगार, शाळामास्तर, साखर कारखान्यातून निवृत्त झालेला नोकरदार. फंडाचे पैसे आणि वर बँकेचे कर्ज, अशी आयुष्याची सगळी कमाई तो एका व्यवहारात घालतो.

हा गृहस्थ घर बघायला जातो तेव्हा काय बघतो? फरशी चकचकीत आहे का, नळाला पाणी येते का, स्वयंपाकघर आग्नेयेला आहे का. वास्तुशास्त्रवाल्याला तो मुद्दाम घेऊन जातो. बँक ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट मागते, सातबारा, फेरफार, बिनशेती आदेश तपासते. मात्र फरशीच्या खाली काय आहे, पाया किती खोल गेला आहे आणि तो कशावर टेकला आहे, हे ना बँक विचारते ना घेणारा. घर नवेच आहे, त्याला काय होतंय, असा सगळ्यांचा समज.

आपल्या वाडवडिलांच्या बोलीत गावाचे दोन भाग होते, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. काळीत नांगर चालायचा, घर पांढरीत बांधायचे. काळी माती घर धरत नाही हे त्यांना ठाऊक होते. आता गावठाणात जागा उरली नाही, लोकसंख्या वाढली, तेव्हा घरे काळीत जाणारच. त्याला इलाज नाही. पण काळीत जायचे तर काळीच्या रीतीने बांधले पाहिजे, आणि तसे बांधले आहे का हे घेणाऱ्याने बघितले पाहिजे.

काळ्या मातीचा स्वभाव शेतकऱ्याला वेगळा सांगायला नको. चैत्र-वैशाखात रानाला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि मृगाच्या पावसाने त्या मिटतात. ही माती आपली आपणच नांगरली जाते असे म्हणतात ते याचमुळे. तिच्यातली बारीक चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आक्रसते. पिकाला हे चांगले, घराला वाईट. माती फुगताना पायाला वर ढकलते, आटताना त्याच्याखालून सरकते, आणि सगळीकडे सारखी हलत नाही. मोरीचे पाणी मुरते तिकडची बाजू वर येते, रस्त्याकडची कोरडी बाजू खाली राहते, मग भिंत मधेच तडकते. गंमत अशी की याचा जास्त मार जड इमारतीला नव्हे, तर हलक्या एकमजली घराला बसतो. चार मजल्यांचे ओझे मातीचा फुगारा दाबून धरते, एकमजली बंगल्याचे वजन त्याला पुरत नाही. ‘साधे बैठे घर, त्याला कशाला मोठा पाया’ हे मिस्त्र्याचे बोलणे म्हणून उलटे आहे.

कऱ्हाटीत निसर्गाने आणखी एक उलटा न्याय केला आहे. सुपे, मोरगावकडचा जिरायत पट्टा पाण्यावाचून तळमळतो, पण तिथे बऱ्याच ठिकाणी थोडे उकरले की मुरूम लागतो. पिकाला नकोशी ती जमीन घराला सोन्यासारखी. उलट कालव्याखालच्या बागायत पट्ट्यात, नीरेच्या आणि भीमेच्या अंगाला, काळीचा थर खोल आहे. बागायती रानाला भाव जास्त म्हणून घरही भारी, असे धरून चालणारा इथे फसतो.

बागायत पट्ट्याला दुसरेही दुखणे आहे. नीरा डावा कालवा १८८० च्या दशकात सुरू झाला आणि पंचवीस वर्षे होतात न होतात तोच रानांवर मीठ फुटू लागले. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे डॉ. हॅरोल्ड मॅन आणि ताम्हणे यांनी १९१० मध्ये नीरा खोऱ्यातल्या या क्षारजमिनींवर पत्रिका लिहिली. म्हणजे प्रश्न शंभर वर्षांहून जुना आहे. उसाला पाटाने वारेमाप पाणी दिले, निचरा केला नाही, रान चोपण झाले, पाणथळ झाले. आता ज्या रानात ऊस येईना ते ठेवून काय करायचे? प्लॉट पाडून विकायला तेच आधी निघते. शेतकऱ्याला दोष देता येत नाही, नापीक रानाचे त्याने दुसरे काय करावे? पण घेणाऱ्याने समजून असावे. अशा जमिनीतले क्षार, विशेषतः सल्फेट, काँक्रीट कुरतडतात, ओल भिंतीत चढते, जोत्यावर लोणा फुटतो आणि गिलावा हाताने गळून पडतो. लोखंडाच्या सळईपर्यंत ओल गेली की ती गंजते. अशा जागी स्लॅग सिमेंटचे दाट काँक्रीट आणि जोत्यावर ओल अडवणारा थर लागतो. ते घातले का, एवढे तरी विचारावे.

मग तयार घराची परीक्षा करायची कशी? पाया तर झाकला गेलेला. पहिली गोष्ट, घराच्या आजूबाजूची विहीर बघा. न बांधलेली विहीर म्हणजे जमिनीचा उभा छेदच. वर काळी किती हात, मग चुनखडी, मग मुरूम, मग खडक, सगळे डोळ्यांनी दिसते. विहीर नसेल तर शेजाऱ्याला विचारा, बोअर घेताना मुरूम किती फुटांवर लागला. काळी बारा फूट आणि पाया चार फूट निघाला, तर पुढचे प्रश्न विचारायलाच हवेत.

दुसरे, बांधणाऱ्याकडे माती परीक्षणाचा अहवाल मागा. इथे सावध राहा. आपल्याकडे माती परीक्षण म्हटले की नत्र, स्फुरद, पालाश. २०१५ पासून सरकारने शेतकऱ्यांना मृद आरोग्यपत्रिकाही दिल्या. ती पत्रिका पुढे केली तर ती उसाच्या खताला उपयोगी, घराला नाही. घराच्या अहवालात किती खोल भोक घेतले, कोणत्या खोलीवर कोणता थर लागला, जमीन चौरस मीटरला किती टन भार पेलते आणि माती किती फुगते, एवढे असावेच लागते. फुगण्याची चाचणी तर अगदी साधी आहे. वाळलेली चाळलेली माती दहा-दहा ग्रॅम दोन मोजपात्रांत घ्यायची, एकात पाणी, दुसऱ्यात रॉकेल, आणि दिवसभर ठेवून द्यायची. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, पाण्यात फुगते. पाण्यातली माती रॉकेलमधल्या मातीपेक्षा ५० टक्क्यांहून जास्त वाढली तर साधा पाया चालायचा नाही. रॉकेल मिळवणेच आता चाचणीपेक्षा अवघड झाले आहे, पण कोणत्याही स्थापत्य प्रयोगशाळेत हे होते, आणि घराच्या किमतीपुढे खर्च किरकोळ आहे.

तिसरे, काळीवर पायाचा कोणता उपाय केला ते विचारा. एक उपाय म्हणजे काळी पूर्ण काढून मुरुमावर पाया टेकवणे. दुसरा म्हणजे तीन-साडेतीन मीटर खोल भोक घेऊन तळाशी घंटेसारखा फुगवटा काढून काँक्रीट भरणे. या अंडर-रीम्ड पाईल रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने अशाच मातीसाठी विकसित केल्या. त्यांच्यावरचा प्लिंथ बीम जमिनीपासून थोडा अधांतरी ठेवतात, म्हणजे माती खाली फुगली तरी बीमला धक्का नाही. तिसरा उपाय आयआयटी मुंबईच्या प्रा. आर. के. कट्टी यांचा, काळीवर सुमारे मीटरभर न फुगणाऱ्या मातीचा दाबलेला थर देण्याचा. यांपैकी काय केले याचे नकाशे आणि खड्डे बुजवण्यापूर्वीचे फोटो चांगल्या बांधकामवाल्याकडे असतात. ‘काय राव, विश्वास नाही का?’ असे उत्तर आले तर आणखी चौकशी करावी. मालकाच्या परवानगीने जोत्यालगत एक खड्डा घेऊन बघायलाही हरकत नाही.

बाकी डोळे उघडे ठेवले तरी पुष्कळ कळते. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी गेलेली चीर, नव्या घरातच घासणारा दरवाजा, खोलीच्या मध्यभागी उचललेली फरशी ही काळीची खूण. पावसाळ्यात चीर मिटते, मग लांबी भरून रंग मारला की खरेदीदाराला भिंत सरळ दिसते. म्हणून घर एकदा मे महिन्यात आणि एकदा पाऊस झाल्यावर बघावे. भरावाकडेही लक्ष द्यावे. जुनी विहीर, वीटभट्टीचा खड्डा, मुरमाची खाण बुजवून त्यावर घर उठवले असेल तर ते काही वर्षे बसतच राहते. भूमी अभिलेख कार्यालयातला गावनकाशा काढला की त्या गटातून ओढा जात होता का हे दिसते. २०१९ च्या सप्टेंबरात कऱ्हेला पूर आला तेव्हा आणि २०२५ च्या मे महिन्यात नीरा डावा कालवा फुटला तेव्हा पाण्याने आपल्या जुन्या वाटा दाखवल्याच आहेत. त्या दिवसांत त्या गल्लीत पाणी कुठवर होते, हे शेजारचा दुकानदार हाताने दाखवतो.

कायदा बाजूला नाही असे नाही. राज्यात १ मे २०१७ पासून महारेरा आहे आणि रेरा कायद्याच्या कलम १४ प्रमाणे ताबा दिल्यापासून ५ वर्षांत रचनेतला दोष दाखवून दिला तर तो ३० दिवसांत बिनखर्च दुरुस्त करून द्यावा लागतो. पण ५०० चौरस मीटरपर्यंतच्या, म्हणजे सुमारे पाच गुंठ्यांच्या जागेवरच्या किंवा आठपर्यंत घरांच्या योजनेला नोंदणीची सक्ती नाही. आपल्याकडची चार-सहा बंगल्यांची कामे नेमकी यातूनच सुटतात.

आमची मागणी मोठी नाही. बारामती व इंदापूरच्या नगरपरिषदांनी आणि गावांत परवानगी देणाऱ्या कार्यालयांनी बैठ्या घरालाही माती परीक्षणाचा अहवाल व खड्डे बुजवण्याआधीचे पायाचे फोटो फायलीत घ्यावेत, आणि नक्कल फी भरणाऱ्या कोणत्याही खरेदीदाराला त्यांची प्रत द्यावी. कर्ज देणाऱ्या बँका आणि पतसंस्थांनी सर्च रिपोर्टबरोबर हा कागदही मागावा, कारण तडकलेले घर त्यांचेही तारण असते. हे होईल तेव्हा होईल. यंदा ज्यांचे व्यवहार ठरत आहेत त्यांनी इसारपावतीत एक ओळ वाढवून घ्यावी, की मातीचा अहवाल आणि पायाचे नकाशे मिळाल्याशिवाय पुढची रक्कम देणार नाही.