प्रयोग : पाहण्यासाठी की पाठांतरासाठी?

आमच्या पुष्कळशा शाळांतून विज्ञानाचा प्रयोग टेबलावर होण्याआधी वहीत होऊन गेलेला असतो. साहित्य, आकृती, कृती, निरीक्षण आणि अनुमान ही सारी कलमे विद्यार्थी मार्गदर्शक पुस्तकातून सुवाच्य अक्षरांत उतरवून काढतात. मग वेळ उरलाच तर प्रयोगशाळेचे कुलूप निघते. निरीक्षण आधी लिहावयाचे आणि डोळ्यांनी मागाहून पाहावयाचे, हा क्रम आम्हांस मोठा चमत्कारिक वाटतो. आम्ही कलाशाखेचे पदवीधर; विज्ञानाच्या तासाशी आमचा संबंध कोणी शिक्षक रजेवर असले म्हणजे येतो तेवढाच. परंतु 'पाहिले' आणि 'वाचले' ही दोन निराळी क्रियापदे आहेत, एवढे सांगण्याचा अधिकार भाषेच्या शिक्षकास खचित आहे.

मेणबत्तीचाच प्रयोग घ्या. बशीत पाणी घालून मध्ये पेटती मेणबत्ती उभी करावी आणि तिजवर काचेचा पेला उपडा घालावा. थोड्या वेळात ज्योत विझते आणि पेल्यात पाणी चढते. याचे उत्तर पिढ्यान् पिढ्या ठरलेले आहे : ज्योतीने हवेतील प्राणवायू संपविला, हवेत प्राणवायू एकपंचमांश, म्हणून पाणीही एकपंचमांश चढले. उत्तर असे नेटके की, कोणी पेल्याकडे पुन्हा वळून पाहतच नाही!

विद्यार्थिमित्रांनो, तुम्ही वळून पाहा. प्राणवायू संपत गेल्यामुळे पाणी चढत असेल, तर ज्योत जळत असतानाच ते हळूहळू वर यावयास हवे. प्रत्यक्षात ते बव्हंशी ज्योत विझल्यावर झपाट्याने चढते. आता तोच पेला घेऊन त्याखाली एका मेणबत्तीऐवजी तीन ठेवा. पाणी अधिक चढेल. पेल्यातील प्राणवायू तर तिप्पट झाला नाही! नीट पाहणाऱ्यास आरंभी पेल्याच्या काठाखालून बुडबुडे बाहेर पडतानाही दिसतात. ज्योतीने हवा तापते, फुगते, काही बाहेर निघून जाते. ज्योत विझताच उरलेली हवा निवते, आकसते आणि बाहेरच्या हवेचा दाब पाण्याला आत लोटतो. ज्योत विझते तेव्हाही पेल्यात बराचसा प्राणवायू शिल्लक असतो. हवेत तो सुमारे २१ टक्के आहे ही गोष्ट खरी. परंतु हा प्रयोग ती सिद्ध करीत नाही. ती पाहावयाची असेल तर लेथच्या दुकानातून लोखंडाचा कीस आणावा, ओल्या पेल्याच्या आतून चिकटवावा आणि पेला पाण्यात उपडा ठेवून काही दिवस धीर धरावा. लोखंड गंजते, प्राणवायू खर्ची पडतो आणि पाणी एकपंचमांशाच्या जवळपास येते. (भांडी घासण्याची चकचकीत तारेची घासणी येथे चालत नाही, ती बहुधा न गंजणाऱ्या पोलादाची असते.)

आता समजा, एखाद्या मुलीने परीक्षेत लिहिले, "तीन मेणबत्त्यांनी पाणी अधिक चढले, म्हणून पुस्तकातील कारण मला पटत नाही." तिला गुण किती मिळतील? आमचा सारा वाद या एका प्रश्नाचा आहे. पाहिलेले लिहिणारीचे गुण कापावयाचे आणि न पाहता उतरविणाऱ्यास पैकीच्या पैकी द्यावयाचे, असा व्यवहार जेथे चालतो, तेथे कितीही उपकरणे विकत आणली तरी त्यांचा उपयोग कपाटे भरण्याकडेच होणार.

उपकरणांवाचून अडते हेही आम्हांस मान्य नाही. आमच्या कोकणी घरांत हुमणाचा डाग सदऱ्यावर पडला आणि त्यास साबण लावला की तो लालभडक होतो. लिंबू पिळताच पुन्हा पिवळा होतो. उन्हात वाळत घातला की फिका पडतो. हळद ही आम्ल-अल्कली ओळखणारी वस्तू आहे, हे आमच्या आयांना त्या नावाने ठाऊक नसेल, गुणाने ठाऊक आहे. परसातील जास्वंदीच्या पाकळ्या कोमट पाण्यात कुस्करल्या की तेच पाणी लिंबाने गडद गुलाबी आणि खाण्याच्या सोड्याने हिरवट होते. खोबरेल तेलाची बाटली तर फुकटचा तापमापक आहे. ते सुमारे २४ अंशांच्या खाली थिजते, म्हणून पौष-माघातील गोव्याच्या पहाटे मोरीतल्या बाटलीकडे पाहिले तरी रात्रीच्या गारठ्याचा अंदाज येतो. थिजलेला गोळा वितळलेल्या खोबरेलात टाकला तर तो बुडतो. बर्फ मात्र पाण्यावर तरंगतो. असे का, हे मुलाने विचारले तर शिक्षकाने लगेच सांगून टाकू नये.

हा विचार काही नवा नव्हे. मायकेल फॅरडे यांनी १८६०-६१ च्या नाताळात लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांपुढे सहा व्याख्याने दिली, ती एका मेणबत्तीवर. आपल्याकडे मध्य प्रदेशातील तत्कालीन होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ साली सोळा शाळांतून प्रयोगांवर आधारलेले विज्ञानशिक्षण सुरू झाले; तेथे परीक्षेत पुस्तक आणि स्वतःची प्रयोगवही जवळ बाळगण्याची मुभा होती. २००२ साली ते बंद करण्यात आले. त्या परीक्षेचा विचार मात्र बंद होण्यासारखा नाही.

अभ्यासक्रम पुरा होत नाही, ही अडचण खरी आहे आणि ती आम्ही हसण्यावारी नेत नाही. मोबाईलवर हेच प्रयोग दोन मिनिटांत पाहता येतात, असेही कोणी म्हणेल. पण तेथे प्रयोग कधी फसत नाही, आणि आमच्या मते तोच त्याचा दोष आहे.

यास्तव आमची सूचना एवढीच की, येत्या विज्ञान प्रदर्शनात विकत आणलेल्या प्रतिकृतींना बंदी असावी. प्रत्येकाने स्वयंपाकघरातील एक वस्तू आणि एक वही आणावी. जेथे ज्योत असेल तेथे घरातले वडील माणूस जवळ असावे. वहीत जे घडले तेच लिहावे, फसलेलेसुद्धा. परीक्षकांनी दहांपैकी सात गुण निरीक्षणास राखावेत, आणि ते देताना मार्गदर्शक पुस्तक मिटून ठेवावे.